राजा गिऱ्हाईक होतो तेव्हा

(राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या निमित्ताने कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधू आणि भगिनींनो,

ग्राहक दिनाच्या सभेत वक्त्याने ग्राहकाच्या बाजूने बोलावे अशी रीत आहे, आणि संयोजकांनी मला बोलावले तेव्हा त्यांचीही बहुधा तीच समजूत असावी. अडचण एवढीच की माझे सगळे आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेले. लहानपणी महाद्वार रोडला आमचे कापडाचे दुकान होते; शाळा सुटली की गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालायच्या, हे माझे काम. पुढे एका बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून अधिक रोखपालाच्या खिडकीमागे. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदाच पूर्णवेळ ग्राहक झालो, आणि ग्राहक म्हणून मी कसा वागतो हे पाहून माझे मलाच आश्चर्य वाटले. म्हणून आज मी ग्राहकाच्या हक्कांबद्दल बोलेन, पण त्या हक्कांची हद्द कुठे संपते याबद्दल अधिक बोलेन.

आमच्या शाखेत बाजूच्या भिंतीवर, आतल्यांना आणि बाहेरच्यांना सारखीच दिसेल अशी, महात्मा गांधींचे चित्र असलेली एक पाटी होती. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, सेवेची संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करत असतो, अशा आशयाचा तो मजकूर तुम्हीही पोस्टात किंवा बँकेत रांगेत उभे असताना वाचला असेल. पुष्कळ ठिकाणी असे छापलेले आढळते की गांधीजींनी हे उद्गार 1890 साली दक्षिण आफ्रिकेत एका भाषणात काढले. 1890 साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले 1893 साली. जवळजवळ याच शब्दांतला मजकूर सापडतो तो अमेरिकेत, 1941 साली, स्टुडबेकर नावाच्या मोटार कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याच्या नावावर. मोटारी विकणाऱ्याच्या त्या बोलांना आपल्याकडे कोणीतरी खादी नेसवली, आणि मग त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती राहिली नाही.

त्या पाटीचा एक प्रसंग सांगतो. महिन्याची पहिली तारीख, म्हणजे पेन्शनचा दिवस. खिडकीशी एक वयस्कर गृहस्थ आले, स्वच्छ धोतर, हातात छत्री, गावात मान असलेला माणूस. त्यांनी दिलेल्या पावतीवरची सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळेना, म्हणून मी त्यांना मागच्या बाजूला पुन्हा एकदा सही करायला सांगितले. त्यांनी केली, तीही जुळेना. मी तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा त्यांनी छत्रीचे टोक त्या पाटीवर आपटले आणि साऱ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘वाचता येतं का तुला? काय लिहिलंय?’ मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. रांगेतली सगळी माणसे माझ्याकडे पाहू लागली, मी मान खाली घातली, शाखाधिकाऱ्यांची संमती घेतली आणि पैसे मोजून दिले. ते नोटा पुन्हा मोजायला लागले तेव्हा मला दिसले की त्यांचा हात थरथरतो आहे. सही जुळत नव्हती ती त्या थरथरीमुळे, आणि ते चारचौघांत उघडे पडले याचा तो संताप होता. हातावर ओरडता येत नाही, खिडकीवर येते.

ग्राहकाच्या वागणुकीबद्दल मी जे काही पुढे बोलणार आहे त्याची मेख मला या प्रसंगात दिसते. राग येतो एका ठिकाणी आणि वसूल होतो दुसऱ्या ठिकाणी, आणि ते दुसरे ठिकाण बहुधा असे असते की जिथून उलट उत्तर येण्याची भीती नाही.

आता ग्राहकाची बाजू. आपल्या भाषेत ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे, त्याला चारचौघांत मामा बनवणे. ज्या भाषेने हा वाक्प्रचार घडवला तिला बाजारात कोण कोणाला फसवत आले हे नीट ठाऊक होते. वजनात मारणे, भेसळ करणे, विकलेला माल परत घेणार नाही अशी पाटी लावून मोकळे होणे, हे सगळे आपण भोगलेले आहे. म्हणूनच 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, म्हणूनच 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली, आणि म्हणूनच आपण आजच्या तारखेला इथे जमलो आहोत. त्या कायद्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला एक रुपयाही शुल्क पडत नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हॉटेलवाल्यांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ही हत्यारे आहेत, चांगली धारदार आहेत, आणि ती वापरली पाहिजेत.

पण हा कायदा नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की तो आपल्याला ज्याच्याविरुद्ध उभे करतो तो विक्रेता असतो, उत्पादक असतो, सेवा पुरवणारी संस्था असते. खिडकीमागे बसलेला कारकून किंवा दारात पार्सल घेऊन आलेला मुलगा हा सहसा त्या दाव्यातला प्रतिवादी नसतो. दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. ‘सेवा’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याने व्यक्तिगत चाकरीचा करार त्यातून वगळला आहे. ज्यात मालक हुकूम सोडतो आणि समोरचा सांगेल ते करतो, ते नोकर-मालकाचे नाते कायद्याच्या दृष्टीने वेगळे आणि ग्राहकाचे नाते वेगळे. दुकानात शिरल्यावर आपण ग्राहक होतो, तिथल्या माणसांचे मालक होत नाही. कायद्याने आपल्याला मालकाची कॉलर धरायला दिली. आपण धरतो नोकराची, कारण ती हाताला लागते.

मिसळीचे उदाहरण घेतो. या गावात त्याला प्रस्तावना लागत नाही. रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ, बाहेर ताटकळत उभी असलेली माणसे, आत टेबलाला टेबल लागलेले, आणि एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा एका हातात कटाचे भांडे आणि दुसऱ्या हातात पावाची ताटली घेऊन सहा टेबले सांभाळतो आहे. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आधी चुटकी वाजवली, मग पेल्यावर चमचा वाजवला, मग हाक दिली, ‘एऽ, कट आण की रं, झोपलास काय?’ मुलगा धावत आला. घाईत ओतताना चार थेंब टेबलावर आणि एक थेंब त्या गृहस्थांच्या बाहीवर पडला. पुढची दोन मिनिटे त्यांनी त्याचा उद्धार केला. त्यात त्याच्या डोळ्यांचा, आईबापांचा आणि शिक्षणाचा समाचार घेऊन झाला. गल्ल्यावरचे मालक जागचे उठले नाहीत, पण त्यांनीही तिथूनच मुलाला दोन शब्द हाणले. मुलाने खांद्यावरचे फडके काढले, टेबल पुसले, ‘चुकलं साहेब’ म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. जाताना त्या गृहस्थांनी बडीशेपेच्या बशीत वीस रुपयांची नोट ठेवली. त्यांच्या मनात हिशेब पुरा झाला होता.

मी त्या नोटेकडे बराच वेळ पाहत बसलो. थंड कट आला, पाव शिळा निघाला, बिलात एक पाव जास्त धरला, तर बोलण्याचा पूर्ण अधिकार त्या गृहस्थांना होता, आणि बाहीवर डाग पडला तर तेही सांगायला हरकत नव्हती. मिसळीच्या किमतीत मोड आलेली मटकी येते, फरसाण येते, टेबल पुसणे येते, हाक मारल्यावर येणे येते. भिंतीवरच्या दरफलकात जादा पावाचाही दर लिहिलेला असतो. आईबापांचा उद्धार ऐकून घेण्याचा दर कुठल्याच फलकावर नसतो, आणि ज्याचा दर लावलेला नाही ते घेतले तर बाजाराच्या भाषेत त्याला काय म्हणतात, हे व्यापारी गावातल्या लोकांना मी सांगायला नको. मालकांचे बोलणे तर मला अधिक लागले. ते मुलाला उद्देशून असले तरी गिऱ्हाइकाला ऐकू जावे म्हणून होते. मिसळीबरोबर त्यांनी मुलगाही वाढला.

यावर आपल्याकडे एक ठरलेला बचाव असतो: आमची भाषाच रांगडी आहे, इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यात अपमान कसला? भाषा रांगडी आहे हे खरे, आणि मला तिचा अभिमानही आहे. तालमीतला वस्ताद पोराला ज्या शब्दांत हाक मारतो त्या शब्दांत माया असते, आणि रंकाळ्यावर दोन मित्र ज्या भाषेत बोलतात ती छापता येत नाही म्हणून वाईट ठरत नाही. पण याची परीक्षा सोपी आहे. तोच शब्द त्याच सुरात उलट दिशेने आला तर चालेल का? ‘कट आण की रं’ याला त्या मुलाने ‘आणतो की रं, जरा थांब’ असे उत्तर दिले असते तर तो रांगडेपणा गोड मानून घेतला गेला असता का? ज्या अरे-तुरेला एकाच दिशेने जायची परवानगी असते ते गावरान प्रेम नव्हे. ती उतरंड आहे. नात्याच्या शब्दांचेही तेच. फरशी पुसणाऱ्या बाईंना आपण मावशी म्हणतो, रखवालदाराला मामा म्हणतो, आणि त्या मावशींचा चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असतो. सख्ख्या मावशीचा कप असा ठेवून पाहा, म्हणजे कळेल.

ही उतरंड कुठून आली हे विचारायला फार लांब जावे लागत नाही. गावगाड्यात बलुतेदार वर्षभर राबत आणि सुगीला त्यांना धान्याचा वाटा मिळे. तो वाटा त्यांच्या कामाचा मोबदला होता, पण तो घ्यायला त्यांना खळ्याच्या कडेला उभे राहावे लागे आणि तो दिला जाई दान दिल्यासारखा. काम करणारा खालचा, करवून घेणारा वरचा, ही गोष्ट जातीने इतकी पक्की करून ठेवली होती की मोबदला धान्यातून नाण्यांत आणि नाण्यांतून मोबाइलच्या स्कॅनरवर आला तरी उभे राहण्याची जागा तीच राहिली. कोल्हापुरी चपलेच्या दुकानात पाय पुढे करून बसणारे गिऱ्हाईक आणि खाली वाकून अंगठा बसतो का हे पाहणारा विक्रेता, हे चित्र पाहताना मला नेहमी ते खळे आठवते. माप घेण्यासाठी वाकावे लागते, तो कामाचा भाग आहे. पण किती गिऱ्हाइके चपलेतून पाय काढताना त्याच्या तोंडापासून तो बाजूला घेतात, हे एकदा बघा.

याच कोल्हापुरात या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक दलित नोकर होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःच्या पायावर उभे राहायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे चहाचे हॉटेल निघाले. पण हॉटेल निघाले म्हणून गिऱ्हाईक येते असे नाही. चहा कोणाच्या हातचा आहे हे कळल्यावर लोक पाठ फिरवू लागले. तेव्हा महाराज स्वतः गाडी त्या हॉटेलापुढे थांबवून चहा मागवू लागले, आणि राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावाच लागे.

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात अस्पृश्यता निवारणाची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. मी ती आज ग्राहकाची गोष्ट म्हणून सांगतो आहे. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम महाराजांनी 1919 साली काढले, पण अमुक हॉटेलात चहा प्या असा हुकूम कोणाला काढता येत नाही. जिथे राजाचा हुकूम संपतो तिथे गिऱ्हाइकाची सत्ता सुरू होते, हे त्यांनी ओळखले आणि ते स्वतः गिऱ्हाईक झाले. ‘ग्राहक राजा असतो’ असे आपण उठताबसता म्हणतो. खरा राजा जेव्हा ग्राहक झाला तेव्हा त्याने ती सत्ता कप पुढे करणाऱ्या माणसाला वर उचलण्यासाठी वापरली. आपल्यापैकी ज्यांना राजा म्हणवून घ्यायची हौस आहे त्यांनी निदान कोणत्या राजासारखे व्हायचे तेवढे ठरवावे.

पुन्हा कापडाच्या दुकानाकडे येतो. जुन्या दुकानात पांढऱ्या गादीवर विकणारा आणि घेणारा समोरासमोर, एकाच पातळीवर बसत. वडील म्हणायचे, ‘दाखवणं आपलं काम, घेणं त्यांची मर्जी.’ लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींनी साठ-सत्तर साड्या उलगडून एकही न घेता उठणे, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि त्यावर मी कधी कुरकूर केली तर वडील माझ्याकडे असे बघत की पुढची घडी आपोआप सरळ पडे. हद्द ओलांडणारी माणसे वेगळी होती. एक बाई जरीची साडी परत घेऊन आल्या, ‘घरी रंग पसंत पडला नाही’ म्हणून. साडीच्या पदराला हळदीचे बोट लागले होते आणि निऱ्यांना अत्तराचा वास येत होता. साडी दाखवणारे आमचे नोकर फक्त एवढेच म्हणाले की वहिनी, ही नेसलेली दिसते. त्यावर त्या बाईंनी ‘मला खोटं ठरवतोस?’ म्हणून जो आवाज चढवला, तो रस्त्यापलीकडच्या फुलवाल्याने ऐकला. साडी परत घ्यावी लागली.

पुढे गाद्या गेल्या, काचेची काउंटरे आली, गिऱ्हाइकासाठी स्टूल आले, आणि साडी दाखवणारी मुलगी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभी राहू लागली. केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणे बंधनकारक केले. माणसाला बसू द्या, असा कायदा करावा लागला. मालक सांगतात की गिऱ्हाईक आल्यावर मुलगी बसलेली दिसली तर ते बरे दिसत नाही. म्हणजे तिच्या पायांची सूज आपल्या नावावर लिहिली जाते आहे, आणि आपल्याला कोणी विचारलेलेही नाही. नवरात्रात महाद्वार रोडला खरेदीला जाल तेव्हा एवढे म्हणून पाहा, ‘ताई, तुम्ही बसून दाखवा.’ ती आधी मालकाकडे बघेल.

आता माझ्याबद्दल. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी घरचे इंटरनेट चार दिवस बंद होते. कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिने माझा ग्राहक क्रमांक विचारला, जो मी त्या चार दिवसांत पाच वेळा सांगितला होता. मी चढलो. मी तिला निष्काळजी म्हटले, तुम्हाला पगार फुकट मिळतो म्हटले, आणि शेवटी म्हटले, ‘नाव सांगा तुमचं. नाव काय?’ तिने नाव सांगितले आणि त्याच सुरात म्हणाली, ‘सर, मी तुमची तक्रार नोंदवली आहे. आणखी काही मदत करू शकते का?’ माझ्या कानात छत्रीचे टोक पाटीवर आपटल्याचा आवाज आला. फोन आधी ठेवण्याची तिला मुभा नसते, हे मला नंतर अशीच नोकरी केलेल्या नात्यातल्या एका मुलीने सांगितले. माझी तक्रार खरी होती, चार दिवसांचे पैसे परत मागण्याचा हक्क मला होता, आणि तारा दुरुस्त करायला माणूस न पाठवणारी जी कंपनी होती तिच्या एकाही जबाबदार माणसाला माझा एकही शब्द ऐकू गेला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट लक्षात आली. सेवा देणाऱ्या माणसाचे नाव आपण विचारतो ते बहुतेक वेळा भांडणाच्या शेवटी, धमकी म्हणून. तोवर तो वेटर असतो, कंडक्टर असतो, वायरमन असतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शाहूपुरीपर्यंत पाणी आले तेव्हा आपण छातीभर पाण्यातून आलेल्या माणसांना देवदूत म्हटले. वीज आणणाऱ्या वायरमनला पुढच्या उन्हाळ्यात लाइट गेल्यावर काय म्हटले, ते तुम्हाला आठवत असेल.

हल्ली नाव विचारायचेही कारण उरलेले नाही; मोबाइलच्या ॲपवरून घरपोच माल आणणाऱ्याला बोटाने तारे देता येतात. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे 2020-21 साली देशात अशी फुटकळ, कामागणिक मोबदल्याची कामे करणारे सुमारे 77 लाख लोक होते आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटींवर जातील असा अंदाज आहे. आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशी कागद चिकटवला आहे: ‘डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याचा वापर करावा.’ जुलैच्या पावसात चौथ्या मजल्यावर चढून आलेल्या मुलाच्या रेनकोटातून पाणी ठिबकते म्हणून त्याला एक तारा कमी देणारे शेजारी मी पाहिले आहेत. तो तारा मालकापर्यंत पोहोचत नाही. त्या मुलाला उद्या किती काम मिळणार, यात मात्र धरला जातो. खिडकीवर ओरडणारा निदान समोर उभा राहून ओरडायचा.

जपानची एक गोष्ट अशीच बोधक आहे. ‘ग्राहक देव आहे’ हे वाक्य तिथे हारुओ मिनामी या गायकामुळे घरोघरी गेले. रंगमंचावर उभे राहताना श्रोत्यांना देवासमान मानून निर्मळ मनाने गायचे, असा त्यांचा अर्थ होता. दुकानांत ते वाक्य गिऱ्हाइकांच्या तोंडी गेले आणि देवाने भक्ताला झोडपण्याचा परवाना ठरले. भक्ताने देव म्हणावे यात शोभा आहे. देवच स्वतःला देव म्हणायला लागल्यावर पुजाऱ्याने काय करावे? शेवटी टोकियोने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम संमत केला आणि 1 एप्रिल 2025 पासून तो लागू झाला. त्यात शिक्षा नाही. पण त्यात एक शहाणपण आहे: छळ करू नका असे सांगतानाच, ग्राहकाच्या रास्त तक्रारीची गळचेपी होऊ नये हेही त्यात पाहिले आहे. आपल्याकडे महाराष्ट्राने 2010 साली डॉक्टर आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा केला, पण तो हात उचलला गेल्यानंतरचा कायदा आहे. हात उचलण्याआधी जे घडते त्याची नोंद कोणीच ठेवत नाही.

ती नोंद ठेवण्याचे काम मालकाचे आहे, असे माझे मत आहे. गिऱ्हाइकाला आवरणे नोकराच्या हातात नसते, कारण नोकराची रोजी गिऱ्हाइकावरच चालते. आणि गिऱ्हाईक स्वतःहून सुधारेल यावर दुकान चालवता येत नाही. ‘ग्राहक राजा’ ही पाटी मालक लावतो आणि तिची किंमत नोकर मोजतो, हे ज्याला दिसते तोच मालक काही करू शकतो.

आमच्या दुकानातला शेवटचा प्रसंग सांगून थांबतो. ऐन लग्नसराईत एक मोठे, पिढीजात गिऱ्हाईक बस्त्याला आले होते. पन्नासेक साड्या झाल्यावर त्यांच्यातल्या एका तरुणाने, मागितला तो रंग आला नाही म्हणून, हातातली साडी आमच्या नोकराच्या तोंडावर फेकली. तेच नोकर, हळदीच्या बोटाचे. वडिलांनी काही न बोलता निवडून बाजूला काढलेल्या साड्या उचलल्या, कपाटात ठेवल्या आणि हात जोडून म्हणाले, ‘आज दुकान बंद आहे.’ सकाळचे साडेअकरा वाजले होते. मंडळी उठून गेली, ती पुन्हा कधी आली नाहीत. मला वाटले की आता नोकर वडिलांच्या पाया पडतील. ते चिडले होते. म्हणाले, ‘मालक, तुमचा मान राहिला. माझं कमिशन गेलं. मुलीची फी भरायची होती त्यातनं.’

वडील त्यावर काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर त्यांनी लाल कापडाची चोपडी काढली आणि खर्चाच्या बाजूला एक नवे खाते उघडले. ती चोपडी अजून माझ्याकडे आहे. खात्याच्या माथ्यावर ‘मोडलेली गिऱ्हाइके’ असे लिहिले आहे, खाली त्या दिवशीच्या कमिशनची रक्कम आहे आणि तिच्यापुढे नोकरांची सही. त्या वर्षात त्या खात्यावर आणखी दोन नोंदी आहेत.